टेकडीवरचा चुना

देरेबाशी
१४ ऑक्टोबर १९८४

चि. ताहसिन, चि. सौ. साबिहा आणि कासेलच्या चहाघरात हे पत्र ऐकणाऱ्या समस्त देरेबाशीकरांना,
नाझिकेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

देरेबाशीकरांनो, तुम्ही तिकडे जर्मनीत यंत्रापुढे उभे असता आणि आम्ही इकडे उन्हातान्हात, पण आपल्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. आपल्या गावाचं काय करायचं ते दुसरेच कुणी ठरवतात, आणि आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतं. रस्ता कुणाच्या ऑलिव्हच्या बागेतून जाणार, हे बाग आडवी झाल्यावर कळलं. झऱ्याचं पाणी नळात कोंडलं, ते झरा आटल्यावर कळलं. आणि या आठवड्यात मी चिंतारची अळंबी आणायला आमच्या टेकडीवर गेले, तर वरच्या अंगाच्या पाइनच्या खोडाखोडावर चुन्याचे पट्टे ओढलेले. तोडायच्या झाडांवर ओढतात तसे.

तशीच टोपली हातात घेऊन मी कॉफीखान्यात शिरले. बाईमाणूस तिथे जात नाही हे मला ठाऊक आहे, पण तिथल्या निम्म्या मिशाळांना पाटीवर अक्षरं गिरवायला मीच शिकवलं आहे, त्यामुळे ते उठून उभे राहिले. चुना कुणी लावला म्हणून विचारलं, तर सगळे आपापल्या कपात बघायला लागले. शेवटी सरपंचांनी घसा साफ करून सांगितलं की इझमीरचा एक कंत्राटदार तिथे उन्हाळी बंगले बांधणार आहे, वरून गोकोवाचं आखात दिसतं म्हणून. आणि वरच्या अंगाच्या मालकानं त्याला शब्द दिला आहे. टेकडीचं खालचं अंग माझ्या नावावर आहे. वरच्या अंगाचा मालक कोण, हे मी सांगायला नको. तो आत्ता तुमच्याच टेबलाशी बसून साखर ढवळत असेल.

ताहसिन, तू विसरला असशील म्हणून सांगते, आणि तिथे जन्मलेल्या पोरांनीही ऐकावं. बाबांनी तंबाखूची लागवड सोडली, जमीन पडीक राहिली आणि पाइन आपणहून आले. पाइन मोठे झाले तेव्हा त्यांच्या मुळाशी चिंतार आली. ही अळंबी पेरता येत नाही, पाणी घालून वाढवता येत नाही. पाइनच्या मुळांशी तिची सोयरीक असते. झाड गेलं की तीही गेली. बाबांनी टेकडीला कुंपण घातलं नाही. ज्या बायकांना जमीन नाही त्या तिथून चिंतार काढतात, गुरुवारी मुग्ल्याच्या बाजारात विकतात आणि हिवाळ्याचं तेल-पीठ भरतात. आणि ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घरी हंगामातली पहिली टोपली जाते. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. यंदा ती शेजारच्या उम्मुहानकडे गेली; तिचा नवरा उन्हाळ्यात गेला. टोपली घेताना तिनं मला विचारलं की पुढच्या वर्षी कुठून आणणार. मी जन्मभर भाषणं केली, पण तिथून सरळ घरी आले आणि हे पत्र लिहायला बसले.

दुसरी टोपली तुझी. हायरीची सुट्टी संपली आहे, त्याच्याबरोबर नेच्याच्या पानांत बांधून पाठवते. आधी खा, मग उत्तर लिही. उपाशी पोटी लिहिलेलं उत्तर मी वाचणार नाही.

सगळ्यांच्या डोळ्यांचे पापे. लोभ आहेच, तो या भांडणानं वाढावा.

तुझी ताई,
नाझिके


कासेल
२१ ऑक्टोबर १९८४

ती. ताईस,
ताहसिनचा सलाम, तुझे दोन्ही हात कपाळाला. वि. वि.

ताई, हे तू बरं केलं नाहीस. पाकिटावर सर्वांसमोर वाचावे असं लिहिलंस आणि ते हायरीच्या हातात दिलंस. हायरी म्हणजे विजेचं बिलसुद्धा मोठ्यानं वाचायला मिळालं तर खूश होणारा माणूस. काल चहाघरात खुर्चीवर उभं राहून वाचलं त्यानं. साखर ढवळण्यापर्यंत आला तेव्हा मी खरोखरच साखर ढवळत होतो. लोक इतके हसले की मालकानं रेडिओ बंद केला, काय झालं ते बघायला.

तू बोलतेस आणि जग ऐकतं. आता जरा माझं ऐक. अठरा वर्षं मी गाड्यांच्या कारखान्यात एकाच यंत्रापुढे उभा आहे. पाठ गेली. इथले लोक तोंडावर विचारतात, परत कधी जाणार. गावी आलो की गावचेही तेच विचारतात, परत कधी जाणार. मला एक घर हवं आहे जिथे हा प्रश्न कुणी विचारणार नाही. गरम पाण्याचं, मोठ्या खिडकीचं, खाली आखात दिसणारं. कंत्राटदार त्या बंगल्यांतला एक मला देणार आहे. झाडांचं काय घेऊन बसलीस, सगळा साकार घाट पाइननं भरला आहे. उम्मुहाननं सरकारी जंगलात जावं. तिथे चिंतार येत नाही असं थोडंच आहे?

तुझी टोपली पोचली, पण साबिहा दारातच आडवी आली. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबानं इथल्या रानातली अळंबी आपल्याकडच्यासारखी दिसली म्हणून काढली, आणि सगळं घर इस्पितळात गेलं. तेव्हापासून साबिहानं मला नेसरिनच्या, आमच्या लेकीच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली आहे की रानातली अळंबी या घरात शिजणार नाही. तेव्हा तुझी टोपली मी देऊन टाकली. कुणाला ते विचारू नकोस. म्हणजे हे उत्तर उपाशी पोटीच लिहिलं आहे, तरी वाच.

साबिहा नेसरिनला घेऊन हानोफरला बहिणीकडे गेली आहे, उद्या येईल. घर शांत आहे, हवा छान पडली आहे, मी बाल्कनीत बसून लिहितो आहे. माझ्यावर राग असला तरी लोभही असू दे, दोन्हींना तुझ्याकडे जागा आहे.

तुझा,
ताहसिन


कासेल
२४ ऑक्टोबर १९८४

ती. वन्संना,
साबिहाचा आदरपूर्वक सलाम. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षराला हसू नका. यांना इस्पितळात ठेवलं आहे. सोमवारी मी हानोफरहून आले, तर हे न्हाणीघराच्या दारात बसलेले, तोंड पांढरंफटक. लघवीला लाल होतंय म्हणाले. दुखत काही नाही, ताप नाही, नुसतं लाल. डॉक्टरांनी रक्त घेतलं, फोटो काढले, काल दिवसभर पाणी पाजलं. मूतखडा म्हणावा तर तोही दिसत नाही. काय खाल्लं होतं म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. हे म्हणाले, पाव आणि चीज. बीट खाल्लं का, तर नाही. डॉक्टर बिचारे गोंधळले आहेत.

यांचा धीर मात्र पार सुटला आहे. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तुमचं नाव काढतात, भांडण तसंच राहिलं म्हणतात. वन्सं, टेकडीचं काय ते तुम्ही बहीणभाऊ बघा, मी मध्ये पडणार नाही. पण यांना दोन गोड शब्द लिहा.

एक गोष्ट मनातून जात नाही. घरी आले तेव्हा बाल्कनीत कोळशाची राख होती. विचारलं, तर जुने कागद जाळले म्हणाले. चांगला धडधाकट माणूस आपले कागद का जाळतो, वन्सं? मला लालपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटते.

आमच्यासाठी दुआ करा, आणि माझ्यावर आहे ती माया यांच्याकडे वळवा.

तुमची,
साबिहा


कासेल, इस्पितळातून
२६ ऑक्टोबर १९८४

ती. ताईस,
तुझे हात कपाळाला लावतो, या वेळी जरा जास्त वेळ. वि. वि.

डॉक्टर काही सापडत नाही म्हणतात. डॉक्टर असं कधी म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. बाबांच्या वेळीही असंच म्हणाले होते. दोन दिवसांपासून लाल थांबलं आहे, पण शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणतो की दुखणं आत शिरलं की असंच होतं.

कंत्राटदाराला मी आज नकार कळवला. साबिहाकडून पत्र टाकून घेतलं. त्या टेकडीवरचं एकही झाड तोडू देऊ नकोस. हा माझा शब्द.

काल पडल्या पडल्या मी तो बंगला डोळ्यांसमोर आणायला गेलो. आला नाही. खिडकी आली नाही, गरम पाण्याचा नळ आला नाही. आली ती आई. चुलीपुढे बसली आहे, चिंतारची छत्री उलटी करून निखाऱ्यावर ठेवते आहे, तिच्या वाटीत मिठाचे खडे टाकते आहे, आणि पाणी सुटून मीठ विरघळेपर्यंत आपल्या दोघांचे हात मागे धरून बसली आहे. तू तेव्हाही बोलतच होतीस.

एक तुला कधी सांगितलं नाही. मला बंगला आखात बघण्यासाठी नको होता. गावानं मला बघावं म्हणून हवा होता. खालून कुणीही मान वर केली की म्हणावं, ते ताहसिनचं घर. मी सुट्टीवर येतो, कॉफीखान्यात जातो, सगळ्यांसाठी सिगारेटी नेतो. सिगारेटी घेतात, पण कुणी खुर्ची सरकवून मला आपल्यात घेत नाही. तुझ्यासाठी उठून उभे राहतात.

मला गावी आणा. कबरस्तानाच्या वरच्या कडेला, पाइनच्या सुया पडतात तिथे ठेवा. आणि पुढच्या हंगामातली पहिली टोपली साबिहाकडे जाईल असं बघ. ती खाणार नाही, पण टोपली आपल्या दारी यायला हवी.

माझ्याकडून भांडण संपलं. लोभ तुझ्यापाशी ठेवून जातो, तो सांभाळ.

ताहसिन


देरेबाशी
४ नोव्हेंबर १९८४

चि. ताहसिन आणि चि. सौ. साबिहा, दोघांनी एकत्र बसून वाचावे.
डोळ्यांचे पापे. वि. वि.

तुमची तिन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. पहिलं वाचून संताप आला. दुसरं वाचून दुआ केली. तिसरं वाचताना मी रडले. मग डोळे पुसून तिन्ही पुन्हा ओळीनं वाचली, आणि स्वयंपाकघरात एकटीच इतकी हसले की उम्मुहान भिंतीवरून डोकावली.

ताहसिन, टोपली कुणाला दिलीस ते मी विचारत नाही. एवढंच सांग, सगळी एकट्यानं खाल्लीस का?

साबिहा, पोरी, तो मरत नाही. चिंतार मोडली की तिच्यातून तांबडा चीक येतो, तो तू पाहिला असशील. पोटभर खाल्ली की तोच रंग दुसऱ्या दिवशी बाहेर पडतो, एखाद-दोन दिवस राहतो आणि जातो. त्यात विष नाही, आजार नाही. आमच्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक असतं, पण त्यात बोलण्यासारखं काय आहे म्हणून कुणी बोलत नाही. मी शाळेत शिकवत असताना एकदा ऐन हंगामात आरोग्य खात्याचा एक तरुण डॉक्टर पोरांच्या लघवीच्या बाटल्या गोळा करायला आला होता. निम्मा वर्ग लाल. तो मुग्ल्याहून गाडी मागवायला निघाला. मी त्याला घरी नेलं, चिंतार भाजून पोटभर जेवू घातलं आणि म्हटलं, उद्या सकाळपर्यंत थांबा. सकाळी त्यानं स्वतःची बाटली उजेडात धरून बघितली, आणि बाटल्या गोळा करून निघून गेला.

ताहसिनला हे ठाऊक नाही याचं मला नवल नाही. आपल्याकडे परसातल्या अंधाऱ्या खोपीत जमिनीतल्या भोकावर बसून कुणी काय बघितलं आहे? त्यात घरात खाणारी तोंडं बरीच, एकेकाच्या वाट्याला दोन छत्र्या. जर्मनीत भांडं पांढरंशुभ्र, वर दिवा, आणि अख्खी टोपली एका माणसाला. बाबा रे, तू आजारी नव्हतास, हावरा होतास. साबिहा, बाल्कनीत जळाले ते कागद नव्हते हे आता तुला कळलंच असेल. त्याला रागव, पण जेवायला घालून मग रागव.

पहिल्या टोपलीची आशा धरू नये. ती धडधाकट माणसांच्या घरी जात नाही.

आता कामाचं. तू शब्द दिलास. मरण दारात आलंच नव्हतं, पण शब्द तूच दिलास, शुद्धीवर असताना, शाईनं. मी तो कॉफीखान्यात जाऊन वाचून दाखवला. उम्मुहान बाहेर उभी राहून ऐकत होती. घरी जाऊन तिनं चिंतार कापायची सुरी परजायला काढली.

तुम्हा दोघांवरचा लोभ आज हसण्यामुळे दुप्पट झाला आहे, तो पुरवून वापरा.

तुमची,
नाझिके


कासेल
१४ नोव्हेंबर १९८४

ती. ताईस,
हात कपाळाला. वि. वि.

तुझं पत्र साबिहानं वाचलं. वाचून झाल्यावर उठली. बाल्कनीत गेली, कोपऱ्यातली राख झाडली, आत आली आणि मग हसायला लागली ती थांबेना. मी म्हटलं, मी शपथ मोडलेली नाही. घरात शिजवणार नाही असं म्हटलं होतं; मी बाहेर भाजली. त्यावर तिनं मला सलग दोन दिवस पाव आणि चीज वाढलं. डॉक्टरांना तेच सांगितलं होतं ना, मग तेच खा म्हणाली. चहाघरात हायरी मला बीट म्हणून हाक मारतो. जर्मन शेजाऱ्यांनाही त्यानं ते शिकवलं आहे.

पण ताई, तो शब्द धरून बसू नकोस. जिवाच्या भीतीनं दिलेला शब्द तो. कंत्राटदाराचं उत्तर आलं आहे. एकाऐवजी दोन बंगले देतो म्हणतो, दुसरा नेसरिनसाठी. मला डिसेंबरअखेर सुट्टी आहे, मी येतो आहे, मुग्ल्याच्या जमीन कचेरीत सही करायची आहे. तुला आधी सांगतो आहे, मागच्यासारखं शेवटी कळलं असं म्हणू नकोस.

तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. एका गोष्टीचं दे. मी परत आल्यावर राहू कुठे? तुझ्या मधल्या खोलीत, पाहुण्यासारखा? भाषणाचं छप्पर होत नाही, ताई.

आणि माझं इस्पितळातलं पत्र कॉफीखान्यात वाचलंस म्हणतेस. त्यातलं काय काय वाचलंस?

राग आला तरी लोभ कमी करू नकोस, त्याची सवय झाली आहे.

ताहसिन

ता. क. वन्सं, सही करा असं मी यांना सांगितलेलं नाही. दोन बंगल्यांचा केर काढायला मला वेळ नाही. सा.


देरेबाशी
२४ नोव्हेंबर १९८४

चि. ताहसिन,
तुझ्या डोळ्यांचे पापे. वि. वि.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. झाडं तोडू नयेत, एवढंच वाचलं. खुर्चीचं वाचलं नाही. ते वाचायचा हक्क माझा नाही.

जिवाच्या भीतीनं दिलेला शब्द खरा नसतो, असं तू म्हणतोस. मी नेमकं उलट म्हणते. मी निवडणुकीतली भाषणं ऐकली, संपातली ऐकली, राजे आणि सेनापती मरताना काय बोलले ते पुस्तकांत वाचलं. माणूस खोटं बोलतो ते फायद्यासाठी, नाहीतर लाजेखातर. त्या खाटेवर तुला फायदा उरला नव्हता आणि लाजही उरली नव्हती. तिथे पडून तू मागितलंस काय? पाइनच्या सुया आणि आईच्या हातचं मीठ. बंगला डोळ्यांसमोर आणला आणि आला नाही, हे मी नाही, तूच लिहिलंस. जो एक डोळ्यांसमोर येत नाही, तो दोन झाल्यावर येईल का? दुखणं खोटं होतं, ताहसिन. त्या दुखण्यात तू जे बोललास ते तुझ्या आयुष्यातलं सगळ्यांत खरं बोलणं होतं, आणि मी ते तुला मागे घेऊ देणार नाही.

आता भाषण थांबवते, कारण भाषणाचं छप्पर होत नाही हे तू मला बरोबर सुनावलंस. त्यावर मी बरेच दिवस विचार केला. खालच्या अंगाला बाबांचं तंबाखू वाळवायचं खळं आहे. तिथे एकही पाइन नाही, मी फक्त टोमॅटो वाळवते. आखात तिथूनही दिसतं. आणि कॉफीखान्याच्या दारातून मान वर केली की टेकडीवर पहिलं दिसतं ते खळंच. मी जाऊन, उभी राहून बघून आले. ते तुझं. सरपंचांना सांगून झालं आहे, कागद तू आलास की करू. दगड तिथलाच निघेल. आपल्या गावात सगळी घरं एकमेकांच्या हातांनीच उभी राहिली आहेत, तुझंही राहील.

पण लोकांना मी बोलावणार नाही. मी बोलावलं तर ते येतील, आणि घर माझ्या भावाचं होईल. तू बोलाव. अठरा वर्षं तू पेट्या भरभरून वस्तू आणल्यास, सिगारेटी वाटल्यास, आणि गावाकडे एकदाही काही मागितलं नाहीस. जो काही मागत नाही त्याला गाव पाहुणा समजतं. पाहुण्याला लोक उंच जागा देतात, पण आपल्या घोळक्यात खुर्ची सरकवत नाहीत. एकदा मागून बघ.

उम्मुहानची चिंतार यंदा चांगली विकली गेली. तुझ्या वरच्या अंगाला अजून निघते आहे. चुना मात्र तसाच आहे. त्यात डिंक घातला असावा, एवढ्या पावसात गेला नाही.

लोभ असला तर ये. नसला तर भांडायला ये. पण ये.

ताई


कासेल
८ डिसेंबर १९८४

ती. ताईस,
हात कपाळाला. हे पत्र कॉफीखान्यात उभं राहून मोठ्यानं वाचावं. मधलं एक अक्षरही गाळू नये. उम्मुहानला या वेळी आत बसवावं.

देरेबाशीतल्या सगळ्या मंडळींना ताहसिनचा सलाम. वडीलधाऱ्यांचे हात कपाळाला, पोरांच्या डोळ्यांचे पापे. वि. वि.

देरेबाशीकरांनो, आपल्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. नाझिकेबाईंपुढे आपल्याला कधी बोलायला मिळत नाही. तुम्हाला शाळेत मिळालं नाही, मला तर पाळण्यातही मिळालं नाही. म्हणून मी ही युक्ती काढली आहे. आज बोलतो आहे मी, आणि आवाज तिचा लागतो आहे. तिच्या तोंडाकडे बघून घ्या, पुन्हा असा योग येणार नाही.

अख्खी टोपली एकट्यानं खाऊन इस्पितळात निजलेला तो मीच. हसून घ्या, मी थांबतो.

आता ऐका. वरचं अंग मी विकत नाही. कंत्राटदाराला तसं पुन्हा कळवलं आहे, या वेळी ठणठणीत तब्येतीत, पोटात पाव आणि चीज असताना, साबिहाला शेजारी बसवून. टेकडीला कुंपण पडणार नाही. बायकांनी बाबांच्या वेळी येत होत्या तसंच यावं.

ताई, पुढचं जरा सावकाश वाच. मी सुट्टीवर येतो तेव्हा या कॉफीखान्यात मला कुणी खुर्ची सरकवत नाही. म्हणून मला टेकडीवर इतकं मोठं घर हवं होतं की तुमच्या माना वर व्हाव्यात. हे ताईला माहीत होतं आणि तिनं तुम्हाला सांगितलं नाही. मी सांगतो. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही, कारण मागितलं आणि कुणी उठलं नाही तर काय, याची भीती वाटायची. त्या लाल लघवीपेक्षा ही भीती जुनी आहे.

आज मागतो. वसंतात खळ्यावर दोन खोल्या उभ्या करू, त्याला तुमचे हात लागतील. पण ते वसंतात. आत्ता एकच मागणं आहे. ३० डिसेंबरला, रविवारी सकाळी, प्रत्येक घरातून एका माणसानं एक बादली आणि एक खरखरीत ब्रश घेऊन टेकडीवर यावं, आणि वरच्या अंगाच्या पाइनवरचा चुना धुऊन काढावा. पाय जपून टाका, सुयांखाली चिंतार असेल. मी साकारच्या वळणावर बसमधून उतरून थेट तिथेच येईन, साबिहा आणि नेसरिनला घेऊन.

लोभ किती आहे ते त्या दिवशी बादल्या मोजून कळेलच.

तुमचा,
ताहसिन

ता. क. खालून पहिलं झाड कुणी धुऊ नका. ते माझ्यासाठी ठेवा.